पुसून टाकलेले फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझा पट्टा तुटला आहे, अंगावरचं रबर सुटलं आहे, आणि नांदूरघाटच्या एका छोट्या स्टुडिओतल्या कपाटात मी पडून असतो. तरी माझा रुबाब काही गेलेला नाही. या भागातल्या दोन-अडीचशे लग्नांत नवरीमुलींच्या डोळ्यांतलं पाणी मीच टिपलं आहे.

माझा मालक उत्तरेश्वर. मेंढपाळाच्या घरातला हा पहिलाच फोटोग्राफर. लोकांची लग्नं टिपता टिपता चाळिशीला आला, स्वतःचं मात्र काही जमलं नाही.

मेंढरं विकल्यावर त्याचे वडील म्हाळूबापू त्याच्यासोबत लग्नांना येऊ लागले. दिव्याचा स्टँड धरायचा, वायर गुंडाळायची. शिवाय आणखी एक काम होतं. नवरा-नवरी यायच्या आधी उजेड बरोबर पडतो का, ते पाहावं लागतं. त्यासाठी उत्तरेश्वर वडिलांनाच त्या जागी उभं करायचा.

"दादा, हितं उभं ऱ्हावा जरा. हनवटी वर करा."

मी टिपायचो. उजेड ठीक वाटला की तो फोटो लगेच पुसायचा, माझ्या मेमरी कार्डात जागा राहावी म्हणून. मग म्हणायचा, "आता सरका बाजूला. फोटूत येऊ नका."

खरं सांगू? ते फोटो लग्नाच्या फोटोंहून सरस असायचे. कुणासाठी हसायचं नसल्यामुळे बापू जसे होते तसेच दिसायचे. रापलेलं कपाळ, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि लेकाकडे कौतुकानं लागलेली नजर. शेकडो वेळा मी त्यांना टिपलं, आणि आज माझ्याजवळ त्यातला एकही नाही.

त्याची आई, साखराबाई, दारातून म्हणायच्या, "आमा दोघाचा एक फोटू काढ की रे. समद्या गावाचे काढलेस."

"काढू की माय. एवढ्या तिथी सरू दे."

लग्नाच्या तिथी सरल्या की जावळं यायची, वाढदिवस यायचे, मग पुन्हा तिथी. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या फाल्गुनात बापू अंगणात बसल्या जागी गेले. दहाव्याला तसबीर हवी होती आणि घरात सापडलं ते फक्त आधार कार्ड. मग उत्तरेश्वर गिऱ्हाइकांसाठी जे करायचा, तेच त्यानं केलं. त्याच्या संगणकात कोट-फेटा घातलेली तयार धडं असतात. त्यातल्या एकावर त्यानं बापूंचा चेहरा बसवला. साखराबाईंनी तसबीर हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"हे धड कुणाचं हाय रे? तुज्या बापानं कवा कोट घातलता?"

पुसलेले फोटो परत निघतात असं उत्तरेश्वरनं ऐकलं होतं. तो माझं मेमरी कार्ड घेऊन बीडला गेला. निघाली ती लोकांची लग्नं. बापूंच्या जागी पुन्हा पुन्हा दुसरंच भरलं गेलं होतं. हे कळलं तेव्हा मलाही फार लागलं.

महिनाभरानं त्यानं मला पुसून घेतलं आणि आईला अंगणात बाजेवर बसवलं. साखराबाई एका कडेला सरकून बसल्या.

"मधी बस की, माय."

"न्हाई. हितं तुजा दादा बसंल. तू लोकाला जोडून देतूस न्हवं? तसं जोड."

उत्तरेश्वर खालीच बसला. "माय, चेहरा तेवढा हाय, त्यो बी आधार कार्डावरचा. दादाचे शेकड्यानं फोटू काढले ग. समदे मीच पुसले."

साखराबाई रडल्या नाहीत. मोकळ्या कपाळावर पदर पुढं ओढला, पण बाजेच्या मधे काही आल्या नाहीत.

"काढ मग," त्या म्हणाल्या. "माजा तरी पुसू नको."

मी टिपलेला तो शेवटचा फोटो. त्यानंतर मी कपाटात गेलो, ते आजतागायत.

मित्रांनो, तुमचे आईवडील घरी असतील तर त्यांना जवळजवळ बसवा. नवे कपडे शोधत बसू नका, सणाची वाट पाहू नका. जसे आहेत तसे टिपा आणि तो फोटो जपून ठेवा. त्या दिवशी साखराबाईंच्या शेजारी एका माणसाची जागा होती, आणि तिथं बसवायला आमच्याजवळ कुणी नव्हतं.