रिकामे गोळे

प्रयोगशाळेत तिला सगळे गिरणीवाली म्हणत, कारण दिवसभर ती पांढरं पीठच करायची. पीठ म्हणजे पॉलिमरचे गोळे, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. पोटात औषध घेऊन ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरायचे आणि तिथे सावकाश विरघळत आठवडाभर औषध सोडायचे. जरा मोठे झाले की घशातच अडकणार, जरा लहान झाले की उच्छ्वासाबरोबर बाहेर. काम असं नाजूक, आणि करणारी महाहट्टी.

हट्ट आईसाठी होता. आई एके काळची बोलघेवडी. फोन उचलला की समोरच्याचा कान लाल करूनच ठेवायची. आता तिची फुप्फुसं आखडली होती आणि तीन शब्दांवर दम लागायचा. ती बडबड पुन्हा एकदा ऐकायला गिरणीवालीचा जीव आसुसला होता.

औषधाची चाचणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना भरलेले गोळे, निम्म्यांना रिकामे. कुणाला कोणते, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही; ज्या रुग्णाला कळलं तो चाचणीतून बाद. सहा महिन्यांनी सगळ्यांनाच खरं औषध मिळणार होतं. पीठ कॅप्सूलमध्ये भरून इन्हेलरने ओढायचं असे. त्यातलं फक्त रिकामं पीठ कॅप्सूलला आतून किंचित चिकटतं, हे गिरणीवालीच्या लक्षात आलं होतं. पण ओढून झालेल्या कॅप्सूलमध्ये कोण डोकावतंय, म्हणून ती कुणाला बोलली नाही.

दुसऱ्या महिन्यात आईचा फोन आला.

"तुमच्या चाचणीत... नाव घातलंय मी. मुद्दाम नाही सांगितलं."

"आई! अगं, निदान विचारायचंस तरी!"

"फार बरं वाटतंय गं. काल जिना... एका दमात चढले. फक्त तुझं पीठ... चिकटतं बाई. टिचकी मारून... काढते. वाया कशाला घालवू?"

चिकटतं, म्हणजे रिकामं. सांगावं, तर आई चाचणीतून बाहेर. पुढचं खरं औषधही गेलं आणि चढलेला जिनाही. न सांगावं, तर अजून चार महिने ती माउली रिकामे गोळे ओढत बसणार.

"ऐकतेस ना?" आई रंगात आली होती. "वरच्या मजल्यावरची ती... भेटली ना, तिच्या सुनेनं म्हणे... अगं, काय सांगू तुला..."

वाक्य लांबत चाललं. मागे श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बरं वाटतंय या भरवशावर आई अंगात नसलेला दम खर्च करत होती.

गिरणीवालीला ते संपूच नये असं वाटत होतं.

"आई, गप्प बस आता," ती म्हणाली.

आणि आई गप्प झाली.