दोन मिनिटांत पेशंट

नेलिदा युक्रा माझ्याकडे आली तेव्हा वॉर्डच्या परीक्षेत दोनदा आपटलेली होती. तिसऱ्यांदा नापास झाली असती तर गाशा गुंडाळून परत डोंगरावरच्या गावी. अशा मुलांना आधार द्यायला आमच्या कॉलेजात समिती आहे. समिती म्हणजे मी एकटाच.

ही पोरगी पेशंटच्या खाटेवर बसायची आणि अर्धा अर्धा तास क्वेचुआत, डोंगरातल्या लोकांच्या भाषेत, गप्पा मारायची. बटाटे, मेंढ्या, जावई. मग राउंडला तेच स्पॅनिशमध्ये सांगताना अडखळायची. आमचे प्रमुख लेदेस्मा सगळ्यांसमोर म्हणायचे, "अगं बाई, रोग सांगतेस की आठवडी बाजार?" पोरं फिदीफिदी हसायची. एकदा मीही हसलो होतो.

मी तिला सरळ केलं. खाटेवर बसायचं नाही, पायथ्याशी उभं राहायचं. स्पॅनिशमध्ये आठ प्रश्न, पाच मिनिटांत. घड्याळ लावून दोन मिनिटांत मांडणी.

"पण डॉक्टर, आमच्या बायका कळलं नाही तरी मान डोलावतात," ती म्हणाली. "शिकलेल्या माणसाला उलट विचारत नाहीत."

"तुला पास व्हायचंय ना?"

तिने वही काढून आठ प्रश्न उतरवून घेतले. सहा आठवड्यांत ती घडाघडा बोलायला लागली.

परीक्षेला तिच्या वाट्याला दोन्या सातुर्निना, म्हणजे सातुर्निनाबाई, ही डोंगरातली म्हातारी आली. पाय लालभडक, सुजलेला, अंगात ताप. नेलिदाने पायथ्याशी उभं राहून स्पॅनिशमध्ये विचारलं, "औषधाची ॲलर्जी वगैरे काही नाही ना?" म्हातारीने हसून मान डोलावली. मांडणी दोन मिनिटांच्या आत संपली, नेलिदा पास. लेदेस्मांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आरामायो, माणसात आणलंस हिला." खरं सांगतो, छाती फुगली माझी.

त्याच मांडणीवर विसंबून दुपारी म्हातारीला पेनिसिलिन दिलं. पंधरा मिनिटांत तिचा श्वास कोंडला. आम्ही सगळे उपाय केले. ती गेली.

शेजारच्या खाटेवरची बाई क्वेचुआत म्हणाली, "गावातही सुई टोचल्यावर असंच झालं होतं तिला, मरता मरता वाचली. काल रात्रीच मला सांगत होती. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

मला शब्द न् शब्द कळला. माझ्या आईची भाषा. शाळेत पोरं हसायची म्हणून मी ती टाकली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो इलाज मीच.

नेलिदा जिन्यात भेटली. डोळे कोरडे होते.

"तिला प्रश्न कळला नव्हता," ती म्हणाली. "मला दिसलं होतं ते. पण प्रश्नांच्या वेळेतले तीसच सेकंद उरले होते."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने थांबवलं.

"निकाल बदलणार नाही ना, डॉक्टर?"

"नाही," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि पुढच्या वॉर्डात निघून गेली.