डावा सहा, उजवा सात

कुणाचेच दोन पाय सारखे नसतात, असं नाना म्हणायचे. पायांना ते ठाऊक असतं, माणसाला नसतं, एवढाच काय तो घोळ. म्हणून दुकानात कुणी आलं की नाना त्याला आधी बाकावर बसवायचे, मग उभं करायचे आणि दोन्ही पाय वेगवेगळे मोजायचे. बसलेला पाय आढ्यतेखोर, तो आपलं माप कमी सांगतो. अंगाचा भार पडला की मग खरं बोलतो. सकाळी सकाळी कुणी आलंच तर त्याला चार वाजता या म्हणून परत धाडायचे, कारण पाय दिवसभर चालून चालून थोडा पसरतो आणि बुटाला त्या पसरलेल्या पायाशी संसार करायचा असतो. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार साऱ्या बाजारात एकच, असं समोरची टेलरबाई म्हणायची. कौतुकानं म्हणायची की वैतागून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे बाक, बाकासमोर बुटकं स्टूल. त्या स्टुलावर, लोकांच्या पायाशी, नानांची चाळीस वर्षं गेली होती. एखादं लहान मूल पाय झाडायला लागलं की ते त्याची टाच तळहातावर धरून गुणगुणायचे,

डावा माझा थोरला गं, उजवा माझा धाकटा,
दोघे निघाले गावाला, कोण राही एकटा?

मूल विचारात पडायचं, आणि तेवढ्यात बूट चढलेला असायचा.

आता मुलं येत नव्हती. मोठी माणसं यायची, पण वेगळ्या कामाला. बाकावर बसायची, पाय मोजून घ्यायची, दोन-तीन जोड घालून इकडून तिकडे चालून बघायची आणि खोक्यावरच्या नंबराचा हळूच फोटो काढून, विचार करून सांगतो म्हणत निघून जायची. माप इथलं, खोकं घरपोच. नानांना ते कळत नव्हतं असं नाही. तरी ते त्यांचेही पाय तितक्याच निगुतीनं मोजायचे. सून मात्र आतल्या आत धुमसायची. ती सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायची आणि दुपारनंतर दुकानात येऊन बसायची. एकदा तिनं न राहवून विचारलं, नाना, हे घेणार नाहीत हे दिसतंय ना तुम्हाला? नाना म्हणाले, घेणार नसला म्हणून काय झालं, चालणार तर आहे.

त्यातच जागेचे मालक आले. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीला खोकी ठेवायला बाजारात जागा हवी होती. मालक मनानं बरे. नाना सोडत नाहीत तोवर तुम्हाला कुणी उठवणार नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. पण सोडणार असाल तर तसं सांगा, महिनाअखेरीला मी पक्कं उत्तर विचारायला येईन, म्हणाले. "देऊन टाकू," नाना म्हणाले. पाण्याचा तांब्या पुढे करावा इतक्या सहज म्हणाले. मग संध्याकाळभर एकेक खोकं खाली काढून, फडक्यानं पुसून, परत होतं तिथं ठेवत राहिले. सून ते बघत होती. माणूस जागा सोडतो तेव्हा एवढ्या मायेनं धूळ पुसत नाही.

नवऱ्याशी बोलून तिनं एक तोड काढली. दुकान जायचं तर जाईल, पण माल तरी रद्दीच्या भावानं जाऊ नये. महिनाभर मोबाइलवरून विकू. फोटो टाकायचे, लोक नंबर सांगतील, आपण पाठवायचं. नानांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "न मोजता?"

"नंबर विचारून, नाना."

"नंबर म्हणजे पाय नव्हे, सूनबाई." पण मग मान हलवली. तिचं मन मोडणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

तिनं उत्साहानं पदर खोचला. नाना गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेले होते, त्या दुपारी तिनं खालचे कप्पे उपसले. अगदी तळाच्या कप्प्यात अकरा खोकी निघाली. प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला, रंग उडून गुलाबी झालेला. जुना माल एकत्र ठेवायची खूण असेल, असं तिला वाटलं. फोटोत ते दोरे कळकट दिसत होते. तिनं कात्रीनं कचाकच कापले, खोकी पुसली, फोटो काढले आणि खोक्यावर छापलेले नंबर घालून टाकले. आठवड्यात तीन जोड गेलेसुद्धा. तिला इतका आनंद झाला की तिनं टेलरबाईला हाक मारून सांगितलं.

पहिलं खोकं परत आलं ते आठव्या दिवशी. आत बूट आणि वर चिठ्ठी: "माझे दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत. तुमच्या बुटांचं तसं दिसत नाही." दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, त्यात चिठ्ठी नव्हती, पण बांधणीवरूनच राग कळत होता. सुनेनं बूट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एक मोठा होता, एक लहान. नाना स्टुलावरून वाकून बघत होते. त्यांनी तळाच्या कप्प्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"दोरे कुठे गेले?"

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते हळू बोलले आणि बाकावर बसले, गिऱ्हाईक बसतं तिथं. मग सांगितलं. ज्याचे पाय एका आख्ख्या नंबराचा फरक दाखवतात, त्याच्यासाठी ते दोन जोड फोडायचे. डावा एका खोक्यातला, उजवा दुसऱ्या खोक्यातला. तो माणूस नीट चालत घरी जायचा. मागे उरायचा एक उलटा जोड. त्याला लाल दोरा बांधायचा आणि खाली ठेवायचा, की त्या माणसाच्या बरोब्बर उलट्या पायांचा कुणी कधीतरी येईल. चाळीस वर्षांत असे पुष्कळ आले. अकरा जोडांचे अजून यायचे होते.

"मला कधी सांगितलं नाहीत," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू विचारलं नाहीस आणि मला सांगायचं सुचलं नाही. दोघांचं मिळून एक गाढव झालं." ते हसले नाहीत. चाळीस वर्षांत आपल्या हातून एकाही पायाला काच बसला नव्हता, एवढीच त्यांची मिळकत होती, आणि जाता जाता तिला बट्टा लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं होतं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. तीन गेले होते, दोन परत आले. तिसऱ्याचं काय? कुठल्यातरी गावी कुणीतरी मुकाट्यानं पाय कोंबून फिरत असेल. फोन लाव म्हणाले. सून म्हणाली, तक्रार आलेली नाही, कशाला आपण होऊन ओढवून घ्यायची? पण नाना उठून तिच्याजवळ येऊन उभेच राहिले, तेव्हा तिनं नंबर शोधला.

तो जोड एका बाईनं मागवला होता. काळे, नाडीचे, कामावर घालायचे, सात नंबर. दोन शहरं ओलांडून पलीकडच्या डेपोत ती बस चालवायची. फोन उचलला तेव्हा मागे इंजिनं घरघरत होती, कुणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं. सुनेनं भीत भीत सांगितलं की चुकून भलताच जोड आला आहे, आम्ही परत घेतो, पोचवायचा खर्चही आमचाच.

"परत? हात नका लावू त्याला," बाई म्हणाली.

सुनेला वाटलं, ती चिडली. तिनं फोन नानांच्या हातात दिला. नानांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, बाई, डावा पाय घट्ट होत असेल ना?

"घट्ट? अहो काका, लहानपणी डावा पाय सहा महिने प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हापासून तो वाढायचाच राहिला. दोघांत एका नंबराचा फरक. जन्मभर सातचे बूट घेते आणि डाव्यात बोळा कोंबते. क्लच दाबून दाबून संध्याकाळी टाच सोलून निघायची. हे बूट आले, घातले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा डावा पाय गप्प बसलाय." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं पण?"

सुनेनं पाहिलं तर नानांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मग म्हणाले, कळलं नव्हतं बाई, वाट बघत होतो.

बाई खळखळून हसली. तिला असाच दुसरा जोड हवा होता, एक भिजला तर एक असावा म्हणून. नाना हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग त्यांना जाणवलं की आपण काय कबूल करून बसलो. काळा नाडीचा तो बूट कारखान्यात अजून निघत होता, मागवता आला असता. पण डावा सहा आणि उजवा सात द्यायचा तर दोन जोड फोडायला लागणार, आणि मागे राहणार डावा सात, उजवा सहा. महिना संपायला आठ दिवस. जाणाऱ्या दुकानात नवा लाल दोरा कुणासाठी बांधायचा?

तसा माणूस त्यांना ठाऊक होता. बाईचा तो जोड ज्याच्यामुळे उरला होता, तोच. दोन गल्ल्या सोडून राहणारे संगीताचे मास्तर. मास्तर दोन वर्षांत दुकानात फिरकले नव्हते.

नाना गुडघा सांभाळत गेले, सून सोबत. पेटीचा सूर दारापर्यंत येत होता, नानांना बघून तो थांबला. मास्तर कानकोंडे होऊन उठले, खुर्ची पुढे केली, खुर्चीवरच्या वह्या उचलल्या, परत ठेवल्या. दाराशी त्यांचे नवे बूट होते, घरपोच आलेले, चकचकीत. उजव्या बुटातून कापूस डोकावत होता. तिघांनीही तो पाहिला आणि तिघांनीही भलतीकडे नजर वळवली.

"खरं सांगू का नाना," मास्तर शेवटी म्हणाले, "तुमच्या दारावरून जायला लागलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जातो. एकदा स्वस्त मिळाले म्हणून घेतले. मग तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून दुसऱ्यांदाही तिथूनच घेतले."

"पलीकडे टेलरबाईंचं दुकान आहे," नाना म्हणाले. "त्यांना वाटत असेल, मास्तर आपल्यासाठी फेऱ्या मारतात."

मास्तर हसता हसता खुर्चीत बसले. नानांनी खिशातून पट्टी काढली आणि जमिनीवर बसायला लागले, तर सुनेनं त्यांना दंडाला धरून थांबवलं, पट्टी घेतली आणि स्वतः गुडघ्यावर बसली. मास्तरांना म्हणाली, उभे राहा काका, भार टाका. पट्टी टाचेला लावली, अंगठ्यावर बोट ठेवलं, मग शेजारच्या बोटावर, कारण काहींचं तेच लांब असतं. नाना मागे उभे राहून बघत होते. एकदाही चूक काढावी लागली नाही. डावा सात. उजवा सहा.

मास्तरांना त्या बाईची हकिकत सांगितली तेव्हा ते कितीतरी वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. जिला कधी पाहिलं नाही अशा कुणाच्या तरी पायात आपल्या जोडाचे उरलेले बूट आहेत आणि ती ते घालून रोज बस चालवते, ही गोष्ट त्यांना फार आवडली. म्हणाले, माझ्यासाठीही मागवा, आणि ती बाई जेव्हा जेव्हा मागवेल तेव्हा तेव्हा मागवा.

दुकानात परत आल्यावर नानांनी सुनेला मोबाइल काढायला सांगितला आणि त्या जाहिरातीखाली काय लिहिलंय ते वाचायला लावलं. मग म्हणाले, नंबर विचारू नकोस. त्यांना म्हणावं, संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरा, दोन्ही पावलांभोवती रेघ काढा आणि कागद आम्हाला पाठवा. सुनेनं तसं लिहिलं. कोण एवढा खटाटोप करणार, असं तिला वाटलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक जाड पाकीट आलं. डेपोतून आलं होतं. बाईनं आपले बूट साऱ्या डेपोला दाखवले होते. आत एकोणीस कागद होते, ड्रायव्हरांचे, कंडक्टरांचे, कार्यशाळेतल्या फिटरचे. काही बसच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेले, काहींवर तेलाचे डाग. एकानं अंगठ्याशेजारी बाण काढून लिहिलं होतं, इथं दुखतं. एका कागदावर मोठ्या पावलांच्या मधे चिमुकली दोन पावलं होती आणि खाली लिहिलं होतं, ही लेक आगाऊ, मधेच येऊन उभी राहिली, तिला काही नको.

टेबलावर मावेनात म्हणून नाना आणि सून कागद जमिनीवर मांडत गेले, दारापासून आत, एकामागे एक. मालक ठरल्याप्रमाणे उत्तर विचारायला आले आणि आत पाय टाकायला लागले, तोच नानांनी हात वर केला.

"जपून. गिऱ्हाइकं उभी आहेत."

मालक उंबरठ्यावरच थांबले. कागदांची ती रांग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. कंपनीला काय कळवू, असं विचारलं. नाना म्हणाले, त्यांना दुसरी जागा बघायला सांगा. मी वर्षभर थांबतोय, त्यापुढचं ही सांगेल. आणि त्यांनी सुनेकडे हात केला. सून जमिनीवर बसली होती, तिनं मान वर केली नाही, कारण ती एका कंडक्टरच्या डाव्या टाचेपाशी पट्टी लावत होती आणि पट्टी हलली असती.

"आठ," ती म्हणाली. मग उजव्याला लावली, आणि डोळे बारीक करून पुन्हा लावली. "नाना, हा पण आठच आहे. दोन्ही सारखे."

"शक्यच नाही," नाना म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.