पाटीवरचा तिसरा रकाना

“सर, तुमच्या या बेरजेत बास्केटबॉल नक्की कोणाचा धरलाय? पोरांचा की पोरींचा?”

मित्रांनो, हा प्रश्न एका शनिवारी सकाळी, भरलेल्या खानावळीत, सगळ्यांच्या तोंडात धिरड्यांचा घास असताना विचारला गेला. विचारणारी होती सतरा वर्षांची डार्सी हॅडली. कोपऱ्यातल्या टेबलावरून तिच्या दोन मैत्रिणी, मकेना आणि ब्रिया, टेबलाखाली एकमेकींचे हात दाबत तिच्याकडे बघत होत्या. कारण पैज त्यांनीच लावली होती. “हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार. नाही विचारलंस तर महिनाभर आमचे बूट तू धुवायचेस!”

आणि तो प्रश्न विचारला गेला तेव्हा सगळ्यांनी आधी डार्सीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी कोण? मी एक जुनी पाटी आहे. ओहायोमधल्या पाइन फोर्क गावात, हॅडलींच्या खानावळीत, कॉफीच्या यंत्राशेजारच्या भिंतीवर मी राहते. वयानं मी शंभरीला टेकलेय, पण मला कोणी आजी म्हटलेलं मुळीच आवडत नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणीत झाला. डोंगराच्या पोटातून मला एखाद्या पुस्तकाच्या पानासारखं सोलून काढलं, घासून गुळगुळीत केलं, ओकच्या लाकडाची चौकट बसवली आणि आगगाडीनं पाइन फोर्कच्या शाळेत पाठवलं. तिथे मला सगळे फळा म्हणत. माझ्या अंगावर किती गणितं सुटली आणि किती चुकली, याची गणतीच नाही! शेवटची बरीच वर्षं मला प्रूइट सरांनी वापरलं. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. उत्तर बरोबर असलं तरी “काय मोजतोयस ते लिहिलं नाहीस” म्हणून दोन मार्क कापायची त्यांना फार हौस.

मग शाळेत पांढरे फळे आले. मला भंगारात काढलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पटांगणात पावसात उभी होते, माझ्यावरचं अर्धवट समीकरण धुऊन चाललं होतं, आणि मला वाटलं, संपलं आता. पण प्रूइट सर आपली गाडी घेऊन आले. त्यांनी आणि डग हॅडलीनं मला उचललं आणि इथे आणलं. डग म्हणजे डार्सीचा बाबा. तेव्हा तो कार्सवेल कॉलेजातून नुकताच पास होऊन आला होता आणि त्याच्या अंगात कार्सवेल नुसतं उसळत होतं. फळ्याची मी पाटी झाले ती अशी.

डावीकडच्या भागात आजचा बेत लिहायचा, असं ठरलं. उरलेल्या भागाचं काय? त्यावर सरांनी बेरीज मांडली.

आमच्या भागात आठ कॉलेजं एकमेकांशी खेळतात. शरद ऋतूत फुटबॉल, म्हणजे शिरस्त्राणं घालून, लांबट चेंडू कवेत घेऊन एकमेकांवर आदळायचा तो. आणि हिवाळाभर बास्केटबॉल. फुटबॉलमध्ये जिंकणारं बास्केटबॉलमध्ये आपटतं, आणि मग कोणतं कॉलेज खरं भारी यावरून इथे रोज कॉफी सांडायची. सरांनी सरळ हिशेब घातला. फुटबॉलमधला क्रमांक अधिक बास्केटबॉलमधला क्रमांक. ज्याची बेरीज सर्वांत कमी, ते वर. बेरीज सारखी आली तर फुटबॉलमध्ये पुढे असेल ते पुढे. झालं!

तेव्हापासून सत्तावीस वर्षं, एप्रिलचा पहिला शनिवार म्हणजे आमचा बेरजेचा शनिवार. पहिलं नाव लिहिताना सगळे उभे राहतात. आणि शेवटच्या कॉलेजाच्या चाहत्यानं एप्रन बांधून बाकीच्यांना वाढायचं.

मधली दोन वर्षं माझी वाईट गेली. डगनं मोठा टीव्ही आणला आणि माझ्यावर थंड पेयाची जाहिरात चिकटवली. जाहिरातीतला बर्फ माझ्या नाकावर! जो तो टीव्हीकडे किंवा हातातल्या फोनकडे बघायचा. पण एका शनिवारी वादळ आलं, वीज गेली, टीव्ही काळाठिक्कर पडला, आणि ओटिस पोस्टमननं जाहिरातीचं एक टोक धरून टर्रकन ओढलं. “टीव्ही साऱ्या देशाचं सांगतो,” तो म्हणाला, “आपल्या आठांचं कोण सांगणार?” त्या वर्षी सरांनी मेणबत्तीच्या उजेडात बेरीज मांडली आणि पुन्हा मला कोणी झाकलं नाही.

हा ओटिस म्हणजे गावातला लिंडेन कॉलेजचा एकमेव चाहता. लिंडेन लहानसं कॉलेज. त्याला फुटबॉलचा संघच नाही. म्हणून फुटबॉलमध्ये त्याला दर वर्षी आपोआप आठवा क्रमांक. सत्तावीस वर्षांत एकोणीस वेळा ओटिसनं एप्रन बांधलाय. आता तो स्वतःचाच घेऊन येतो.

आणि नेमकं त्याच लिंडेननं डार्सीला बोलावलं! मुलींच्या बास्केटबॉल संघात पक्की जागा. होकार किंवा नकार सोमवारपर्यंत कळवायचा. डगला मात्र ती कार्सवेललाच जायला हवी होती. तिथल्या संघात तिला जागा नव्हती.

“मग तिथे मी काय करू बाबा?” ती विचारायची.

“गॅलरीत बसून टाळ्या वाजव! मी चार वर्षं वाजवल्या, माझं काय बिघडलं? ज्या कॉलेजात फुटबॉल नाही, ते कसलं कॉलेज? ती तर चर्चमधली रविवारची शाळा!” आणि मग तो माझ्याकडे बोट करायचा. “पाटी बघ. कार्सवेल कुठाय आणि लिंडेन कुठाय? ज्या दिवशी लिंडेन या पाटीवर तळातून वर येईल ना, त्या दिवशी मी तुझं ऐकून घेईन.”

मित्रांनो, मला किती लाज वाटायची! पोरीचं अख्खं पुढचं आयुष्य माझ्या अंगावरच्या दोन रकान्यांवर लटकलेलं, आणि मला तोंड नाही.

तर तो शनिवार. सरांनी ओल्या फडक्यानं मला पुसलं (आहाहा!), आठ नावं लिहिली, दोन रकाने भरले. कार्सवेल, फुटबॉल एक, बास्केटबॉल दोन, बेरीज तीन. पहिलं! सगळे उभे राहिले, डगनं टोपी उडवली. मॉरो कॉलेज, तीन अधिक एक, चार. दुसरं. असं करत तळाला टॅलबॉट आणि लिंडेन, दोघांचीही पंधरा. पण टॅलबॉटला निदान फुटबॉलचा संघ तरी आहे, म्हणून लिंडेन शेवटचं. ओटिस निमूटपणे एप्रनची गाठ मारायला लागला.

आणि तेव्हाच डार्सीनं तो प्रश्न विचारला.



“पोरांचा, अर्थातच,” डग म्हणाला.

“मी सरांना विचारतेय, बाबा. सर, तुम्ही वर नुसतं ‘बास्केटबॉल’ लिहिलंय. कोणाचा ते लिहिलंच नाहीये.”

सर माझ्याकडे वळले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘बास्केटबॉल’ हा शब्द त्यांनी असा वाचला, जणू पहिल्यांदाच बघतायत. त्यांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

“सत्तावीस वर्षं,” सर हळूच म्हणाले. “काय मोजतोय ते मी लिहिलंच नाही.”

“सर!” ओटिस ओरडला. “याच्यासाठीच दहावीत तुम्ही माझे दोन मार्क कापले होते!”

“माझेही!”

“माझे चार!”

“कापा, कापा सरांचे मार्क कापा!”

खानावळ अशी हसली की माझ्या चौकटीतली धूळ पडली. पण सर हसत नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस अवघड गणित पुढ्यात आलेल्या मुलासारखा नुसता पेटला होता.

“बेरीज अपुरी आहे!” ते म्हणाले. “तिसरा रकाना पाहिजे. डार्सी, पोरींचे क्रमांक आहेत तुझ्याकडे?”

“पाठ आहेत.”

“पण जागा कुठाय?” दातांच्या डॉक्टर गार्बरबाई म्हणाल्या. “पाटी तर भरली.” त्या टॅलबॉटच्या चाहत्या. त्यांना हे लक्षण काही बरं दिसत नव्हतं.

खरंच जागा नव्हती. उजवीकडे चौकट, डावीकडे आजचा बेत. डग हाताची घडी घालून म्हणाला, “झालं तर मग. खा सगळे, धिरडी गार होतायत.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ट्रिश आली. डार्सीची आई. हाताला पीठ लागलेलं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि आजचा बेत, सूपपासून सफरचंदाच्या गोडापर्यंत, एका फडक्यात पुसून टाकला.

“काय काय मिळेल ते मी तोंडानं सांगेन,” ती म्हणाली. “लिहा सर.”

“ट्रिश!” डग म्हणाला.

“काय ट्रिश? मी शाळेत तीन वर्षं बास्केटबॉल खेळले, डग. तू एक तरी सामना बघायला आलास? शुक्रवारी तुला पोरांचे सामने असायचे.”

मला ते सगळं ठाऊक होतं बरं का! मी तेव्हा तिच्या वर्गात होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचे गुण लिहायची आणि घंटा व्हायच्या आत पुसून टाकायची.

मग सुरू झालं! डार्सी सांगतेय, सर लिहितायत, सगळे खुर्च्या मागे सारून उभे.

“मॉरो, दोन!”

“म्हणजे चार आणि दोन सहा!”

“कार्सवेल...” डार्सीनं बाबाकडे पाहिलं. “सात.”

“सात?” डग खुर्चीवरून उठला. “आठांत सातवं? आमच्या पोरी एवढ्या वाईट खेळतात?”

“तुला कसं कळणार बाबा, तू बघतोस कुठे?”

कार्सवेलची बेरीज झाली दहा. सत्तावीस वर्षांत अनेकदा पहिलं आलेलं कार्सवेल माझ्यावरून, भर सभेत, एक पायरी उतरलं. मॉरोवाल्या दोघा भावांनी टेबलावर चमचे बडवले. पुढची चार कॉलेजं झाली. टॅलबॉटच्या पोरी सहाव्या, बेरीज एकवीस. गार्बरबाईंनी कपाळाला हात लावला.

“आणि लिंडेन,” सर म्हणाले.

“एक,” डार्सी म्हणाली.

सरांनी लिहिलं. आठ, सात, एक. सोळा. तोंडानं पुटपुटत त्यांनी सगळ्या बेरजा पुन्हा पडताळल्या आणि नावं नव्या क्रमानं मांडली. मॉरो पहिलं. कार्सवेल दुसरं. टॅलबॉट आठवं. आणि लिंडेन सहावं!

मकेना आणि ब्रिया किंचाळल्या. ओटिसनं एप्रनची गाठ सोडली, तो डोक्यावरून काढला आणि वाकून गार्बरबाईंच्या पुढ्यात धरला. “घ्या डॉक्टर. खिसा डावीकडे आहे. पाक सांडला तर गार पाण्यानं धुवा.” त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता.

सरांनी आवाज खाली आणून डार्सीला विचारलं, “हा फुटबॉलचा आठ मला पटत नाही. जो खेळ ते खेळतच नाहीत, त्याचा क्रमांक कसला? तो काढला तर लिंडेन आणखी वर जाईल. काढू?”

मी श्वास रोखला. काढ म्हण, पोरी, काढ म्हण!

“नको सर,” डार्सी म्हणाली. “राहू दे आठ. नाहीतर बाबा म्हणेल, पाटीत गडबड केली.”

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात एखादी जुनी पाटी असेल, तर तिला जाहिरातीखाली झाकू नका. कोरड्या डस्टरनं खसाखसा घासू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तिच्या कडा फुटू देऊ नका. आणि तिच्यावर काहीही मोजायला घ्याल, तेव्हा वरती पूर्ण लिहा की कोणाचं मोजताय. आम्ही पाट्या तुम्ही लिहाल तेच दाखवतो. सत्तावीस वर्षं मी अर्धीच गोष्ट दाखवत होते आणि लोक माझ्याकडे बोट करून पोरींना गप्प करत होते.

गडबड थोडी निवली. डग अजून माझ्यासमोर उभा होता. बोटानं रकाने पुन्हा पुन्हा मोजत होता, जणू एखादा आकडा आपोआप बदलेल. मग त्यानं कार्सवेलची टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि स्टुलावर बसला.

“सहावं,” तो म्हणाला. “सहावं म्हणजे काही पहिलं नव्हे.”

“पण तळाचंही नव्हे, बाबा. तू काय म्हणाला होतास?”

“माहितीये मी काय म्हणालो होतो.” त्यानं शेजारचं स्टूल पायानं पुढे ढकललं. “बस. बोल. ऐकतोय मी.”

ट्रिश हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. डार्सी स्टुलावर बसली नाही. ती माझ्याकडे पाठ करून, दोघांच्या समोर ताठ उभी राहिली. तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, पण आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

“आई, बाबा, हे मी पाटी बघून ठरवलेलं नाही. आज लिंडेन आठवं राहिलं असतं, तरी मी हेच म्हणाले असते. मला टाळ्या वाजवायच्या नाहीत, मला खेळायचंय. मी लिंडेनला जातेय. आणि त्यांना कळवायला मी सोमवारपर्यंत थांबणार नाही, आत्ता इथूनच फोन करतेय.”