शिवतेजची फेरी

सांगलीतल्या त्या बागेच्या कडेनं जाणारा चालायचा ट्रॅक इतका सपाट होता, की गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याही गप्पा मारत फेरी पुरी करायच्या. नुकती चालायला लागलेली पोरं आईचं बोट सोडून पळायची. आणि त्याच वाटेवर नाथाजीचा सात वर्षांचा नातू शिवतेज रोज पडायचा.

नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. गाव म्हसवडकडचं. मुलगा वीरधवलही फौजेत, लांब सरहद्दीवर. म्हणून नाथाजी सून संयोगिता आणि नातवापाशी येऊन राहिला होता. पोरगं बदकासारखं डुलत चालतं, जिना चढताना कठडा सोडत नाही, हे त्यानं पाहिलं आणि निदान स्वतःच करून टाकलं.

"लाडानं हाडं मऊ झाल्यात त्याची," तो सुनेला म्हणाला. "माझ्या हवाली कर. वर्षात तालमीत उभा करतो."

"मामा, डॉक्टरांना एकदा दाखवू या का?"

"आगं, चालायचं औषध डॉक्टर देत्यात व्हय?"

मग रोज संध्याकाळी फेरी सुरू झाली. नाथाजी पुढं, शिवतेज धापा टाकत मागं. पडला की पोरगं आधी पालथं व्हायचं, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहायचं. नाथाजी हात द्यायचा नाही. "आपला आपण ऊठ. फौजीचा ल्योक न्हवं तू?" थंडीत पोराच्या पोटऱ्या गच्च भरल्या, तशी त्यानं सुनेला हाक मारून त्या दाखवल्या. "बघ! पैलवानाच्या वाटत्यात का न्हाई?"

पण शिवतेजला शाळेचा जिना चढवेना, तेव्हा संयोगितानं सासऱ्याला न विचारता मिरजेच्या दवाखान्यात नंबर लावला. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला त्या दिवशी नाथाजीही बरोबर गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. स्नायूंचा जन्मजात आजार. चालणं हळूहळू बंद होणार, पुढं हातही. औषधांनी थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही.

"आवं, पण पोटऱ्या भरल्यात की त्याच्या," नाथाजी म्हणाला.

"ती ताकद नाही, आजोबा. स्नायू गळतायत, त्या जागी चरबी भरतेय. त्याला दमेपर्यंत चालवू नका हं. दमवलं की स्नायूंना जास्त इजा होते. फार चालवत नाही ना?"

संयोगिता खाली वाकून पोराच्या सँडलचा पट्टा लावत राहिली. तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी शिवतेज बूट घालून दारात उभा. "आबा, चला की."

"आज नगं, बाळा."

"का? काल तर मी रडलोसुदिक न्हाई."

ऐकेचना, तसं नाथाजीनं त्याला नेलं. बागेच्या फाटकातच तो वाकला. "ये, कडेवर घेतो." पोरगं हात झटकून पुढं निघालं. बांबूच्या बेटाजवळ ते पडलं. नाथाजी धावला. "तुमी नुस्तं बघा, मी उठतो," शिवतेज म्हणाला. हात मांडीपर्यंत आले आणि निसटले. पुन्हा आले, पुन्हा निसटले. फिरायला आलेली माणसं थबकली. नाथाजीनं त्याला उचललं, तसं ते शरमेनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडायला लागलं. त्या बुक्क्यांत काही जोर नव्हता, आणि तेच नाथाजीला सोसवेना.

पोराला झोपवून संयोगिता बाहेर आली. "मामा, थोडे दिवस गावाकडं जाता का?"

"जातो," तो म्हणाला. तिचं काही चुकत नव्हतं. वीरधवलला फोनवर कोण सांगणार, हे विचारायचीही त्याची छाती झाली नाही.

सकाळी पिशवी घेऊन तो निघाला, तर शिवतेज भिंत धरत दारापर्यंत आला.

"फेरी पुरी झाली न्हाई म्हणून चाललासा व्हय, आबा?"

"न्हाई रं, बाळा. तुझं काय न्हाई. माझंच चुकलं."

पोराचा विश्वास बसला नाही. ते त्याच्याकडं न बघता भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिलं. नाथाजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर त्यानं डोकं बाजूला घेतलं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.