मेलेल्याला उदंड आयुष्य

मी एक जुना टाइपरायटर आहे आणि मला राग येतो. मित्रांनो, यंत्राला कसला राग, असं म्हणू नका. तांता शहरात टपाल कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. माझी अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे धावतात. मी नवा होतो तेव्हा माझे मालक उस्ताद शुक्री मला रोज फडक्याने पुसत, आणि पत्र लिहून घ्यायला आलेली माणसं माझी अक्षरं डोळे भरून बघत.

मग गिऱ्हाइकं वाढली आणि उस्ताद सोकावले. हाजी दसूकींच्या पिठाच्या गिरणीला पाव भाजणाऱ्या साऱ्या भट्टीवाल्यांची पत्रं जात. म्हणून उस्ताद सकाळी चहा पिता पिता गठ्ठाभर कागदांवर मायना छापून ठेवत : 'जनाब हाजी दसूकी, अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो. सलाम, आणि पुढे.' त्याखाली मजकुरासाठी जागा कोरी.

एका हिवाळ्यात हाजी वारले. गिरणी त्यांच्या बायकोकडे, हाजा नईमांकडे आली. त्याच आठवड्यात पावाची भट्टी चालवणारी उम्म सलामा माझ्यासमोर येऊन बसली. तिचं पीठ संपत आलं होतं.

"उस्ताद, जपून लिहा हं. पत्र हाजाला आहे. हाजींच्या शोकाचा चाळिसावा दिवससुद्धा अजून झालेला नाही."

"मला शिकवतेस होय? चल, मजकूर सांग."

तिला वाचता येत नव्हतं. उस्तादांनी गठ्ठ्यातलाच कागद माझ्यात सारला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दोन दिवसांनी ती तोच कागद मुठीत चुरगाळून घेऊन आली.

"पहिली ओळ वाचून हाजाने कागद माझ्या अंगावर फेकला. 'माझ्या मेलेल्या माणसाची थट्टा करणारीला पीठ नाही,' म्हणाली. तिच्या घरी शोकाची कडू कॉफी प्यायला सगळ्यांच्या आधी मी गेले होते, उस्ताद!"

"यंत्र जुनं झालंय, बाई. घोटाळे करतं."

माझ्यावर ढकललं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"यंत्राने कागद निवडला नाही. कोरा लावा," ती म्हणाली. "शोकाच्या घरी म्हणतात तसं लिहा : हाजा नईमा, त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. सलाम."

"आणि पुढे? पिठाचं?"

"पुढे काही नाही. पीठ चाळिसाव्यानंतर मागेन."

तोवर तिची भट्टी थंड राहिली. गल्लीतली पोरं पावासाठी दूरच्या नाक्यावर जात. चाळिसावा झाल्यावर गिरणीची गाडी तिच्या दारात आली, पण त्या थंड दिवसांची भरपाई कोणी केली नाही. उस्तादांनी तर माफीही मागितली नाही.

मित्रांनो, मला तेल घालू नका, पुसूही नका. मी गंजेन. पण मायना लिहिण्याआधी त्या घरात कोण आहे आणि कोण गेलं, एवढं विचारत जा. उस्तादांनी तो उरलेला गठ्ठा अजून टाकलेला नाही.