उडायच्या आधी

"दार लोटून घे, आन् ते लोक जायेपर्यंत बाहीर येऊ नोको," कुंताबाई लेकाला दबक्या आवाजात म्हणाली. "तुये डोये आज लय पिवळे दिसून राह्यले."

सुरेंद्रने मान डोलावली आणि हेडफोन डोक्यावर चढवला. तिचं काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. धाकट्या बहिणीला, पायलला, पाहायला कोरपन्याकडचे पाहुणे यायचे होते, आणि चहा-पोह्यांबरोबर घरातलं दुखणं कोण वाढतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर कुंताबाईचा पहिल्यापासून भरवसा होता.

दुखणं म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून रक्तात येणारा आजार. या भागात सिकल म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. सुरेंद्रचं रक्त जन्मापासूनच तसं. थंडी बाधली, जरा दमला, की हाडं ठणकायची, डोळे पिवळे पडायचे आणि दवाखान्याची खाट धरावी लागायची. बाप मुखरू तलावावर मासे धरणारा, पण पोराला पाण्यात पाय घालायची चोरी. शाळा अर्धवट, नोकरी नाही, आणि लग्नाचा तर विषयच कुणी काढत नसे. मग या आतल्या खोलीत, जुन्या कंप्युटरवर, त्याला विमानं सापडली.

खेळच तो, पण खेळणारे त्याला खेळ म्हणू देत नाहीत. आपापल्या घरात बसून माणसं पडद्यावर विमान उडवतात, आणि दुसरी माणसं त्यांना खऱ्यासारख्या सूचना देतात. त्या रविवारी दुपारी मोठा मेळा होता. देशभरातल्या खेळाडूंनी एकाच सुमाराला नागपूरला उतरायचं. धावपट्टी एक आणि येणाऱ्यांची झुंबड. ती झुंबड ज्याच्या त्याच्या विमानतळावरच आवरून धरणं हे सुरेंद्रचं काम. मुंबईच्याला अजून थांबवायचं, हैदराबादच्याला निघू द्यायचं, रायपूरचा त्याच्या मागे. गावात त्याला कुणी चौकातल्या पाराएवढंही मोजत नसे. इथे सगळे 'सर' म्हणत.

"सर, कब से खड़ा हूँ, छोड़ दो ना," मुंबईचा एकजण काकुळतीला आला.

"थोड़ा और रुको. अभी उड़ोगे तो ऊपर चक्कर काटते रहोगे," सुरेंद्र हलक्या आवाजात म्हणाला.

जमिनीवर थांबवलेला माणूस फार तर रागावतो. एकदा वर गेला आणि खाली जागाच नसली, तर इंधन जळत राहतं आणि कुणाच्याच हातात काही उरत नाही. नव्या पोरांना तो हेच पुन्हापुन्हा सांगायचा.

बाहेर खुर्च्या सरकल्या. मुलाचे वडील वामनराव मोकळं हसत होते. मुलगा हेमराज सिमेंटच्या कारखान्यात वायरमन. त्याने पायलला काहीतरी विचारलं, आणि पायल चक्क हसली. ती अनोळखी माणसासमोर हसते हे सुरेंद्रला माहीतच नव्हतं.

"अंदर कोन बोलून राह्यला जी?" वामनरावांनी विचारलं.

"भाडेकरू हाये," कुंताबाई पटकन म्हणाली. "कंप्युटरचं काम करते. आपल्याले काय त्याचं."

सुरेंद्रचा एक कान मोकळा होता. आईवर रागवावं म्हटलं तर राग येईना, आणि डोळे मात्र भरून आले. हैदराबादचा खेळाडू 'सर, सर' करत होता, त्याला उत्तर द्यायचंही राहून गेलं.

"पोरगी पसंद आहे आमाले," वामनराव म्हणाले. "घरात सिकलबिकल तं नाई ना?"

"नाई जी. कोनालेच नाई."

मुखरू उगाच खोकला.

"मंग तपासन्या कायले करत बसाच्या? आमच्या पोरानंबी नाई केली."

पायलच्या रक्तात सिकल अर्धं होतं, आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता, पुढेही होणार नव्हता. आईबापांचंही तसंच अर्धं-अर्धं होतं, आणि त्यांचंही लग्न असंच हसतखेळत, कुणी न विचारता झालं होतं. त्यातून सुरेंद्र जन्मला होता.

"रायपूर टॉवर, मेरी जगह संभालो," तिथून सूचना देणाऱ्या जोडीदाराला तो माईकवर म्हणाला आणि उठला.

त्याला पाहताच कुंताबाईने हातातली बशी खाली ठेवली.

"रामराम. मी सुरेंद्र, पायलचा मोठा भाऊ. मले सिकल आहे." त्याला धाप लागली होती. "पायलले अर्धं आहे. तिले काहीच होत नाई. पन भाऊ, तुमच्या पोराच्या रक्तातबी अर्धं असन, तं होनारं लेकरू माह्यासारखं होऊ शकते. नसन, तं काही भेव नाई. तुमी पयले हेमराजचं रक्त तपासून घ्या. मंग खुशाल लग्न लावा."

हेमराजने मान वर केली. "बाबा, तपासून पाह्यलं तं..."

"चाल," वामनराव म्हणाले. दारात चपला घालताना ते मुखरूकडे वळले. "कळवतो जी."

या 'कळवतो'चा अर्थ मुखरूला माहीत होता. तो सदरा काढून तलावाकडे निघून गेला. पायलने कप गोळा केले. सुरेंद्रसमोरून जाताना ती थांबली. "दादा, तू बरोबरच बोलला," ती म्हणाली. "पन मले आवडला होता तो." मग ती मोरीत जाऊन भांडी घासू लागली. घासलेलाच कप ती पुन्हा घासत होती.

सुरेंद्र परत जागेवर बसला. थांबलेल्यांना त्याने ओळीने सोडलं. मुंबईचा उडाला, 'थँक यू सर' म्हणाला. विमानं एकामागून एक सुखरूप उतरत राहिली, आणि त्याला त्याचा जराही आनंद झाला नाही.

ऊन कलल्यावर कुंताबाई चहा घेऊन आली. ती रागवायलाच आली असणार, असं त्याला वाटलं. पण ती नुसतीच उभी राहिली.

"सुरेंदर, पाव्हन्यायले मी काय म्हटलं तं... तुले ऐकू आलतं का रे?"

"कधी?"

"ते... भाडेकरूचं."

"नाई माय. कानाले हे लावून होतो ना. काहीच नाई आलं ऐकू."

"बरं झालं," कुंताबाई म्हणाली, आणि रडायला लागली.